गॅल्व्हेस्टनचा जलप्रलय आणि पुनरुद्धार

समुद्रकांठीं वसलेल्या नगराचें भाग्य समुद्रच घडवितो आणि प्रसंगीं तोच तें हिरावूनही नेतो. अशा नगरांच्या नाशाच्या कथा जगाच्या इतिहासांत पुष्कळ आहेत. परंतु वादळ ओसरल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं काय झालें, प्रेतांची व्यवस्था कोणीं लावली, ढिगारे कोणीं उपसले आणि पुन्हां तीच आपत्ति ओढवूं नये म्हणून लोकांनीं काय केलें, ही पुढची हकीकत बहुधा सांगितली जात नाहीं. संयुक्त संस्थानांपैकीं टेक्सस संस्थानाच्या किनाऱ्यावरील गॅल्व्हेस्टन या शहराचा इतिहास या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. १९०० सालच्या सप्टेंबर महिन्याच्या ८ तारखेस एका रात्रींत तें शहर अर्धेंअधिक वाहून गेलें, आणि पुढील अकरा वर्षें तेथील नागरिकांनीं आपली भूमीच वर उचलण्याचें काम केलें.

मेक्सिकोच्या आखातांत किनाऱ्याला समांतर असें एक वाळूचें बेट पसरलेलें आहे. त्याची लांबी सुमारें सत्तावीस मैल आणि रुंदी फार तर तीन मैल. या बेटाच्या पूर्व टोंकाशीं गॅल्व्हेस्टन वसलेलें आहे. दक्षिणेस खुला समुद्र, उत्तरेस उथळ खाडी आणि खाडीपलीकडे टेक्ससची मुख्य भूमि. १९०० सालच्या शिरगणतींत शहराची लोकसंख्या ३७,७८९ भरली. आज हा आंकडा लहान वाटेल. परंतु त्या काळीं अमेरिकेंतील कापसाच्या निर्यातीचें हें एक अग्रगण्य बंदर होतें. धक्क्यावर परदेशी जहाजांची दाटी असे, स्ट्रँड नांवाच्या पेठेंत पेढ्या व वखारी गजबजलेल्या असत, आणि धनिकांच्या हवेल्यांभोंवतीं कण्हेरीचीं झुडपें फुललेलीं असत. आपल्याकडे देवपूजेच्या फुलांसाठीं परसांत लावतात तीच ही कण्हेर. १८४१ सालीं ती जमेकाहून या बेटावर आली आणि तेथील खाऱ्या वाळूंत अशी कांहीं रुजली कीं, कण्हेरीचें नगर असेंच शहराला टोपणनांव पडलें.

या वैभवांत एकच उणें होतें. शहरांतील अत्यंत उंच जागासुद्धां समुद्रसपाटीपासून पुरी नऊ फूट उंच नव्हती. भरतीच्या मोठ्या दिवशीं खालच्या रस्त्यांवर पाणी येई. मुलें त्यांत खेळत, मोठी माणसें जोडे हातांत घेऊन घरीं जात, आणि पाणी ओसरलें कीं सर्वांना त्याचा विसर पडे. नित्याचें संकट मनुष्याला संकट वाटेनासें होतें, त्याचें हें एक उदाहरण होय.

धोक्याची सूचना मिळालीच नव्हती असें मात्र नाहीं. त्याच किनाऱ्यावर नैर्ऋत्येस सुमारें दीडशें मैलांवर इंडियानोला नांवाचें दुसरें बंदर होतें. १८७५ सालच्या वादळानें त्याची धूळधाण केली. लोकांनीं तें कसेंबसें पुन्हां उभारलें. १८८६ सालीं पुन्हां वादळ आलें, आणि रहिवाशांनीं तें गांव कायमचें सोडून दिलें. ही बातमी ऐकून गॅल्व्हेस्टनच्या पुढाऱ्यांनीं समुद्राला बांध घालण्याचा विचार केला. परंतु भय ओसरलें तसा तो विचारही मागें पडला. पुढें १८९१ सालीं सरकारी हवामानखात्याचे तेथील अधिकारी आयझॅक क्लाइन यांनीं स्थानिक वर्तमानपत्रांत एक लेख लिहिला. मोठ्या वादळानें गॅल्व्हेस्टनचा नाश होईल ही भीति निव्वळ भ्रम होय, असें त्यांत प्रतिपादन केलेलें होतें. क्लाइन हे कांहीं अडाणी गृहस्थ नव्हते. ते कर्तव्यदक्ष होते, हवामानशास्त्राबरोबर वैद्यकीचीही पदवी त्यांनीं मिळविली होती. परंतु किनाऱ्याजवळचा समुद्रतळ जितका उथळ, तितकें वाऱ्यानें लोटलेलें पाणी अधिक चढतें, हा आज सर्वमान्य असलेला नियम त्या काळीं पुरता उमगलेला नव्हता. तज्ज्ञाच्या शब्दावर विसंबून शहर निश्चिंत राहिलें.

ऑगस्टच्या अखेरीस अटलांटिक महासागरांत जन्मलेलें एक वादळ सप्टेंबरच्या आरंभीं क्यूबा बेटावरून गेलें. हव्हाना येथें जेझुइट पाद्र्यांची बेलेन नांवाची वेधशाळा होती. तेथील फादर बेनितो विन्येस यांनीं पूर्वीं अनेक वर्षें वादळांचा अभ्यास करून त्यांच्या मार्गाविषयीं मोलाचे नियम बसविले होते, आणि त्यांच्यामागें फादर गांगोइते हें काम चालवीत होते. क्यूबांतील निरीक्षकांचें मत असें पडलें कीं, हें वादळ पश्चिमेकडे, टेक्ससच्या रोखानें जात आहे. वॉशिंग्टनच्या हवामानखात्याची मात्र खात्री होती कीं, तें फ्लॉरिडावरून ईशान्येकडे वळणार. क्यूबा तेव्हां अमेरिकेच्या लष्करी ताब्यांत होतें, आणि तेथील लोकांचे अंदाज विनाकारण घबराट उत्पन्न करतात अशी समजूत असल्यामुळें, थोड्याच दिवसांपूर्वीं त्या खात्यानें क्यूबांतील हवामानाच्या तारांवर बंदी आणविली होती. अशा रीतीनें ज्यांना अधिक कळत होतें त्यांचें तोंड बंद, आणि ज्यांच्या हातीं तारयंत्र होतें त्यांचा तर्क चुकीचा, असा योग जुळून आला.

शुक्रवारीं, ७ तारखेस, गॅल्व्हेस्टनला वादळाचा बावटा चढला. शनिवारीं पहाटे क्लाइन किनाऱ्यावर गेले तेव्हां त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. वारा उत्तरेचा होता. म्हणजे त्यानें समुद्राचें पाणी किनाऱ्यापासून दूर लोटावयास हवें होतें. परंतु वाऱ्याच्या उलट लाटा चढतच होत्या. समुद्रांत दूरवर कांहीं प्रचंड शक्ति पाणी पुढें ढकलीत आहे, हें त्यांनीं ओळखलें. तथापि शहरांत अजून गंमतच चालली होती. लाटा पाहावयास लोक सहकुटुंब किनाऱ्यावर जमले होते. दुपारपर्यंत उत्तरेच्या वाऱ्यानें खाडीचें पाणी मागच्या बाजूनें शहरांत आणलें, समुद्राचें पाणी पुढच्या बाजूनें आलें, आणि दोन्हीं पाण्यांची रस्त्यांत गांठ पडली. मुख्य भूमीकडे जाणारे आगगाडीचे व गाडीरस्त्याचे पूल तुटले. आतां कोणाला निघून जावयाचें म्हटलें तरी वाट उरली नव्हती.

सायंकाळीं सव्वासहाच्या सुमारास वाऱ्याचा वेग मोजणारें यंत्र उडून गेलें. त्यापूर्वीं त्यानें ताशीं ८४ मैलांचा वेग नोंदला होता. खरा जोर तर त्यानंतरच चढला. साडेसातच्या सुमारास, क्लाइन यांच्या नोंदीप्रमाणें, अवघ्या चार सेकंदांत पाणी चार फुटांनीं वाढलें. रात्रीं आठच्या सुमारास वारा आग्नेयेकडे फिरला आणि समुद्र सरळ शहरावर चालून आला. जेथें जमिनीची उंची आठ-नऊ फूट, तेथें पाणी पंधरा फुटांवर चढलें. समुद्राकडील घरांची पहिली रांग कोसळली, तिच्या तुळया व फळ्या लाटांनीं उचलून दुसऱ्या रांगेवर आपटल्या, दुसरीच्या तिसरीवर. घरेंच घरांना पाडण्याचीं हत्यारें बनलीं. क्लाइन यांचें घर मजबूत म्हणून सुमारें पन्नास माणसें त्यांत आश्रयाला आलीं होतीं. वाहून आलेल्या ट्रामगाडीच्या पुलाच्या एका मोठ्या तुकड्याचा धक्का बसून तें कोसळलें. क्लाइन, त्यांचे बंधु जोसेफ व क्लाइन यांच्या तिन्हीं मुली वांचल्या. परंतु त्यांची गरोदर पत्नी बुडाली. त्या आश्रितांपैकीं बहुतेकांना जलसमाधि मिळाली.

शहराबाहेर किनाऱ्यालगत सेंट मेरीचें अनाथालय होतें. तेथें ९३ मुलें व १० जोगिणी होत्या. पाणी वर चढूं लागलें तेव्हां जोगिणींनीं कपडे वाळविण्याची दोरी कापून लहान मुलांना सहा-सहा, आठ-आठ करून आपल्या कमरेला बांधून घेतलें. कोणतेंही मूल एकटें वाहून जाऊं नये हा त्यांचा हेतु होता. छप्पर कोसळलें. तीन मोठे मुलगे एका झाडाला धरून राहिले म्हणून वांचले. बाकीचीं नव्वद मुलें आणि दहाही जोगिणी गेल्या. पुढें वाळूंतून त्यांचीं प्रेतें सांपडलीं तेव्हां दोऱ्या तशाच होत्या.

रविवारचा दिवस निरभ्र उगवला. समुद्र शांत होता. शहराच्या दक्षिण भागांत घरांच्या ओळींच्या जागीं मोकळी वाळू पसरली होती, आणि त्या वाळूच्या आंतल्या बाजूस मोडक्या घरांची, दोन-दोन मजले उंच, मैलोगणती लांब अशी एक तटबंदी उभी राहिली होती. आश्चर्य हें कीं, या ढिगाऱ्यानेंच लाटा थोपवून उरलेलें शहर वांचविलें. ३,६०० हून अधिक घरें नाहींशीं झालीं होतीं. शहरांतील मृतांची संख्या सहा ते आठ हजार होती. सर्व बेट व मुख्य भूमीचा किनारा धरल्यास ती बारा हजारांपर्यंत जाते असें मानतात. आजतागायत अमेरिकेच्या इतिहासांत कोणत्याही नैसर्गिक आपत्तीनें इतके बळी घेतलेले नाहींत.

तारा तुटल्या होत्या, पूल वाहून गेले होते. जगाला हें कळणार कसें? बंदरांत तरंगत राहिलेल्या एका लहान वाफेच्या होडींतून सहा माणसें खाडी ओलांडून गेलीं आणि चिखल तुडवीत, आगगाडीच्या रुळांवरून ह्यूस्टनला पोंचलीं. तेथून गव्हर्नर व अध्यक्ष मॅकिन्ले यांना तार गेली कीं, निदान पांचशें माणसें मेलीं असावींत. तो आंकडा अतिशयोक्तीचा आहे असें अनेकांना वाटलें! इकडे त्याच दुपारीं शहरांत नागरिकांची मध्यवर्ती मदतसमिति स्थापन झाली. अन्न, पाणी, बंदोबस्त, प्रेतें आणि ढिगारे अशी कामांची वांटणी करण्यांत आली. वॉर्डावॉर्डांतून शिधावांटपाचीं ठाणीं उघडलीं.

सर्वांत कठीण काम प्रेतांचें होतें. पहिल्या दिवशीं तीं ओळखीसाठीं ओळीनें मांडून ठेवण्यांत आलीं. परंतु सप्टेंबरचा उन्हाळा, प्रेतें हजारोंनीं, आणि जमीन इतकी भिजलेली कीं खणल्या खड्ड्यांत पाणी भरावें. तेव्हां सोमवारीं सुमारें सातशें प्रेतें एका तराफ्यावर चढवून समुद्रांत नेण्यांत आलीं. हें भयंकर काम स्वखुषीनें करावयास कोणी पुढें येईना, तेव्हां सुमारें पन्नास निग्रो मजुरांना बंदुकीच्या धाकानें त्या तराफ्यावर चढविण्यांत आलें आणि त्यांचीं मनें बधिर व्हावींत म्हणून त्यांना दारू पाजण्यांत आली. प्रेतांना वजनें बांधून तीं सोडलीं. पण वजनें सुटलीं, आणि एक-दोन दिवसांत समुद्रानें तीं प्रेतें पुन्हां त्याच किनाऱ्यावर आणून टाकलीं. मग जेथें प्रेत सांपडेल तेथेंच त्यावर लांकडें रचून अग्नि देण्याचा निर्णय झाला. दफनाची चाल असलेल्या त्या समाजाला ही गोष्ट किती असह्य झाली असेल याची कल्पनाच करावी. पतीनें पत्नीच्या, बापानें मुलाच्या नांवाचा दगड कोठें बसवावा हें त्यांना कधींच कळलें नाहीं. जळाऊ लांकूड तरी कोणतें? त्याच लोकांच्या घरांचे वासे. नोव्हेंबरपर्यंत त्या चिता जळत होत्या. क्लाइन यांच्या पत्नीचें प्रेत जवळजवळ तीन आठवड्यांनीं ढिगाऱ्याखालीं सांपडलें. हातांतल्या अंगठीवरून ओळख पटली.

या काळाची आणखी एक बाजू सांगितल्यावांचून इतिहास पुरा होणार नाहीं. शहरांत लष्करी कायदा पुकारण्यांत आला. प्रेतांवरील दागिने लुटणाऱ्यांना गोळ्या घातल्याच्या सुरस व भयानक कथा देशभरच्या वर्तमानपत्रांनीं छापल्या, आणि त्यांत लुटारू म्हणून बहुधा काळ्या माणसांनाच रंगविलें. पुढें शोध करणाऱ्यांना या कथांपैकीं बऱ्याच निराधार आढळल्या. ज्यांच्याकडून अत्यंत किळसवाणें काम बळजबरीनें करून घेतलें, त्यांच्याच माथीं चोरीचा डाग बसावा, ही त्या आपत्तींतील एक लज्जास्पद गोष्ट होय. संकटांत माणसें जवळ येतात हें खरें. परंतु समाजांत पूर्वींपासून असलेल्या भेगा संकटानें बुजत नाहींत, उलट कित्येकदां त्या अधिक रुंदावतात.

असें असूनही काम मात्र विलक्षण नेटानें झालें. धडधाकट पुरुषानें ढिगारे उपसल्यावांचून त्याला शिधा मिळूं नये असा नियम प्रारंभीं होता. पहिल्या आठवड्यांतच तारयंत्र व पाण्याचा नळ सुरू झाला. दुसऱ्या आठवड्यांत टेलिफोनच्या नव्या तारा टाकण्यास आरंभ झाला. तिसऱ्या आठवड्यांत विजेच्या ट्रामगाड्या धांवूं लागल्या आणि बंदरांतून मालाची ये-जा सुरू झाली. बेघर कुटुंबांसाठीं सैन्यानें पाठविलेल्या पांढऱ्या तंबूंची एक वसाहतच किनाऱ्यावर उभी राहिली. मोडलेल्या घरांच्या फळ्या, खिळे व दारें वेंचून लोकांनीं पुन्हां घरें बांधलीं. सबंध नाशांतूनच पुढच्या निवाऱ्याचें सामान निघालें.

अमेरिकेंत रेडक्रॉस संस्थेची स्थापना करणाऱ्या क्लारा बार्टन या वृद्ध बाई १७ सप्टेंबरला आपल्या मदतनिसांसह गॅल्व्हेस्टनला आल्या. त्यांचें वय त्या वेळीं ७८ वर्षांचें होतें, आणि अशा स्वरूपाची ही त्यांची शेवटची मोठी कामगिरी ठरली. त्यांनीं अनाथ मुलांची सोय लावली, कपडे व सामान वांटलें, घरें बांधण्यासाठीं पैसा उभा केला. परंतु त्यांची विशेष दूरदृष्टि दिसून आली ती दुसऱ्याच एका गोष्टींत. खाडीपलीकडच्या मुख्य भूमीवर स्ट्रॉबेरी या फळाची लागवड करणारे शेतकरी होते. खारें पाणी चढून त्यांचे मळे उजाड झाले होते, आणि शहराच्या आक्रोशांत त्यांचा आवाज कोणाला ऐकूं येत नव्हता. बार्टनबाईंनीं त्यांच्यासाठीं स्ट्रॉबेरीचीं पंधरा लाख रोपें मिळवून दिलीं. भाकरी दिली तर ती एक दिवस पुरते, रोप दिलें तर घर उभें राहतें, हें त्यांना पुरतेपणीं ठाऊक होतें.

आतां मुख्य प्रश्न पुढें आला. या बेटावर राहावयाचें कीं इंडियानोलाप्रमाणें तें सोडून जावयाचें? कित्येक कुटुंबें खरोखरच निघून गेलीं. जे राहिले त्यांनीं प्रथम नगरपालिकेचा कारभार बदलला. जुन्या वॉर्डवार सभेच्या जागीं १९०१ सालीं पांच जणांचें एक मंडळ आलें. त्यांतील प्रत्येकाकडे एकेक खातें सोंपविलेलें असे. आरंभीं त्यांपैकीं कांहीं सभासद गव्हर्नरानें नेमलेले होते. न्यायालयाच्या निकालानंतर १९०३ पासून सर्वच निवडून येऊं लागले. ही पद्धति पुढें अमेरिकेंतील शेंकडों शहरांनीं उचलली. तिच्यामुळें काम झपाट्यानें झालें हें खरें. परंतु वॉर्ड मोडल्यामुळें, पूर्वीं नॉरिस राइट क्यूनी यांच्यासारखे निग्रो पुढारी ज्या मार्गानें सभेंत येत असत तो मार्गही बंद झाला. कार्यक्षमतेची किंमत कोणीं दिली, हेंही इतिहासानें नमूद करावयास पाहिजे.

या मंडळानें तीन इंजिनिअरांची समिति नेमली. निवृत्त सेनाधिकारी हेन्री मार्टिन रॉबर्ट, आल्फ्रेड नोबल व एच. सी. रिप्ले हे ते तिघे. यांपैकीं रॉबर्ट यांचें नांव जगांत निराळ्याच कारणानें प्रसिद्ध आहे. सभा कशी चालवावी याचे नियम सांगणारा त्यांचा १८७६ सालचा ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो. १९०२ च्या आरंभीं या समितीनें दोन सूचना केल्या. एक, समुद्राला सतरा फूट उंचीची भिंत घालावी. दुसरी, भिंतीमागचें सर्व शहर वाळूची भर घालून वर उचलावें. पहिली सूचना ऐकून लोकांनीं माना डोलाविल्या. दुसरी ऐकून ते थक्क झाले.

भिंतीचें काम ऑक्टोबर १९०२ मध्यें सुरू झालें. जमिनींत खोलवर लांकडी खांब ठोकून त्यांवर काँक्रीटची भिंत रचण्यांत आली. तळाशीं सोळा फूट रुंद, माथ्याशीं पांच फूट, आणि समुद्राकडची बाजू आंत वळलेली. हेतु हा कीं आदळणारी लाट वर उसळून मागें फिरावी. पायथ्याशीं ग्रॅनाइटच्या मोठमोठ्या शिळा टाकण्यांत आल्या. जुलै १९०४ मध्यें तीन मैलांहून अधिक लांबीचा पहिला भाग पुरा झाला. यासाठीं पंधरा लाख डॉलरांचें कर्ज काढावें लागलें, आणि त्याचे रोखे मुख्यतः गॅल्व्हेस्टनच्या लोकांनींच विकत घेतले. ज्यांच्या घरांचीं छपरें अद्याप धड नव्हतीं त्यांनीं आपली शिल्लक त्या भिंतींत घातली.

शहर उचलण्याचें काम याहूनही अचाट होतें. शहराच्या मधून तीन मैल लांबीचा, दोनशें फूट रुंदीचा कालवा खणण्यांत आला. गाळ काढणाऱ्या बोटी बंदराच्या तोंडाशीं समुद्रतळांतून वाळू व पाणी उपसून पोटांत भरीत, कालव्यांतून आंत येत, आणि मोठमोठ्या नळांवाटे तो पातळ चिखल वस्तींत सोडीत. पाणी वाहून जाई, वाळू खालीं बसे. परंतु भर घालण्यापूर्वीं प्रत्येक इमारत, ट्रामचे रूळ, पाण्याचे व गॅसचे नळ, सर्व कांहीं वर उचलून घ्यावें लागे. भर नगरपालिकेनें घालावयाची, घर मात्र मालकानें स्वखर्चानें उचलावयाचें, असा नियम होता. दोन हजारांहून अधिक इमारती याप्रमाणें जॅकवर उचलण्यांत आल्या. सेंट पॅट्रिकचें तीन हजार टन वजनाचें विटांचें देऊळ सातशें जॅक लावून पांच फूट वर घेतलें, आणि तें चालू असतांना आंत उपासना सुरूच होती. कोठें कांहीं इंच, तर समुद्राकडे अकरा फुटांपर्यंत भर पडली. ज्यांना घर उचलणें परवडलें नाहीं त्यांचा तळमजला वाळूखालीं गेला. श्रीमंतांच्याही कुंपणांचे लोखंडी गज निम्मेअधिक पुरले गेले. अॅश्टन व्हिला या हवेलीपुढें त्या गजांचीं टोंकें पुष्कळ वर्षें जमिनींतून डोकावतांना दिसत.

१९०३ च्या अखेरीस सुरू झालेलें हें काम १९११ पर्यंत चाललें. सुमारें पांचशें चौक उचलले गेले. या सबंध काळांत लोक फळ्यांच्या उंच पुलांवरून ये-जा करीत. खालीं दुर्गंधी सोडणारा चिखल पसरलेला असे. मुलें त्याच फळ्यांवरून शाळेंत जात, बायका त्याच फळ्यांवरून बाजारहाट करीत. लग्नें लागत होतीं, बाळंतपणें होत होतीं, दुकानें उघडत होतीं. वीरश्रीचा एक क्षण पुष्कळांना साधतो. परंतु रोज सकाळीं उठून तोच चिखल ओलांडण्याचें धैर्य सात-आठ वर्षें टिकविणें ही निराळी गोष्ट आहे.

वादळाच्या खाऱ्या पाण्यानें आणि मागाहून पडलेल्या भरीनें शहरांतील झाडें व बागा बहुतेक मेल्या होत्या. १९०१ सालीं तेथील स्त्रियांनीं आरोग्यरक्षणासाठीं एक मंडळ काढलें. घाईघाईनें पुरलेल्या प्रेतांचें रीतसर दफन करणें हें त्यांचें पहिलें काम. त्यानंतर शहराच्या स्वच्छतेकडे लक्ष देऊन भर पुरी होईल तसतशीं त्यांनीं झाडें लावण्यास सुरुवात केली. ओक व ताड यांचीं रोपें बाहेरून आणवून त्यांनीं रस्त्यांच्या कडेला लावलीं, आणि कण्हेर तर घरोघरीं पुन्हां फुलली. इंजिनिअरांनीं शहराला भूमि दिली. सावली मात्र या बायांनीं दिली.

परीक्षेचा प्रसंग लवकरच आला. १९१५ च्या ऑगस्टमध्यें पूर्वींच्याच तोडीचें वादळ गॅल्व्हेस्टनवर आदळलें. भिंतीबाहेरचा किनारा धुवून निघाला, सखल भागांत पाणी शिरलें. परंतु भिंत टिकली. १९०० सालीं जेथें हजारों मेले तेथें या वेळीं शहरांतील मृतांची संख्या डझनाच्या आंतच राहिली. ज्या पिढीनें कर्ज काढलें त्याच पिढीला त्याचें व्याज हातीं पडलें, असें फार थोड्या सार्वजनिक कामांत घडतें.

तथापि जुनें वैभव परत आलें नाहीं. १९०१ च्या जानेवारींत टेक्ससमध्यें स्पिंडलटॉप येथें खनिज तेलाचा प्रचंड झरा लागला, आणि १९१४ सालीं ह्यूस्टनपर्यंत जहाजें नेणारा खोल कालवा खुला झाला. व्यापारानें समुद्रकांठचें धोक्याचें बेट सोडून आंतल्या सुरक्षित बंदराचा आश्रय केला. शिवाय भिंतीच्या पायथ्याची वाळू लाटांनीं ओढून नेली, आणि ज्या रुंद किनाऱ्याच्या शोभेसाठीं लोक गॅल्व्हेस्टनला येत तो किनारा भिंतीसमोर पुष्कळ अंशीं नाहींसा झाला. समुद्राशीं केलेल्या कोणत्याही करारांत कांहीं तरी द्यावेंच लागतें.

पुढें वेळोवेळीं वाढवून ही भिंत सुमारें दहा मैल लांब करण्यांत आली. २००८ च्या सप्टेंबरमध्यें आइक नांवाचें वादळ आलें तेव्हां समोरच्या समुद्राला भिंतीनें अडविलें, परंतु पाणी १९०० प्रमाणेंच पाठीमागच्या खाडींतून शहरांत शिरलें आणि दिवसेंदिवस साचून राहिलें. पुन्हां ढिगारे, पुन्हां गाळ, पुन्हां ओले गाद्यागिरद्यांचे ढीग रस्त्यावर. त्या खाऱ्या पाण्यानें सुमारें चाळीस हजार झाडें मारलीं, आणि त्यांत शंभर वर्षांपूर्वींच्या त्या स्त्रियांच्या काळचे ओकही होते. कित्येक घरवाल्यांनीं ते वठलेले बुंधे पाडूं दिले नाहींत. कारागिरांकडून त्यांवर पक्षी, मासे व माणसांच्या आकृति कोरून घेतल्या. आणि शेजारीं नवीं रोपें लावलीं.

गॅल्व्हेस्टनच्या या इतिहासांत मानवी अहंकार आहे, अन्याय आहे आणि अलौकिक चिकाटीही आहे. त्यांतील एकही वगळून चालणार नाहीं. ज्या क्लाइन यांनीं धोका नाहीं असें लिहिलें होतें, त्यांनींच पुढें वादळें व त्यांच्याबरोबर चढणारें पाणी यांचा अभ्यास केला, आणि वादळांत मुख्य मारेकरी वारा नसून पाणी असतें हें आंकड्यांनिशीं मांडलें. ८ सप्टेंबरला त्या अनाथालयाच्या पंथांतील जोगिणी, जगांत जेथें असतील तेथें, त्या रात्रीं मुलांना धीर देण्यासाठीं गाइलेलें गीत दर वर्षीं गातात. अनाथालयाच्या जागीं आज भिंतीवरचा रस्ता आहे, आणि त्याच्या कडेला कण्हेर फुलते.